सुईच्या आधी नाव

पाऊस उघडला, नवरात्र सरले, चकलीची भाजणी दळून आणण्याचे दिवस आले, की आमच्या छत्रपती संभाजीनगरात एक प्रश्न घरोघरी ऐकू येऊ लागतो. (जुन्या माणसांच्या तोंडी हे शहर अजून औरंगाबादच आहे.) प्रश्न असा: "प्लेटलेट किती आल्या?" डेंग्यूच्या तापाने हा इंग्रजी शब्द थेट माजघरापर्यंत आणून सोडला आहे. आकडा कागदावर छापून आला, की ते ब्रह्मवाक्य! त्यावरून घरात रडारड होते, पपईच्या पानांचा रस शोधायला माणसे धावतात, मुंबईच्या मामाला फोन जातो. पण ज्या रक्तावरून तो आकडा निघाला ते कोणी काढले, किती घाईत काढले, कोणत्या नळीत भरले आणि त्या नळीवर कोणाचे नाव घातले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

वास्तविक विचारायचे ते हेच. प्रयोगशाळेच्या कामात ज्या चुका होतात, त्यांपैकी निम्म्याहून अधिक यंत्रापाशी होतच नाहीत. रक्त यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्या होऊन गेलेल्या असतात. लाखो रुपयांचे यंत्र इमानी असते. त्याला जे रक्त दिले त्याचेच ते माप सांगते. ते रक्त गयाबाईंचे की शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे, हे त्याला कसे कळावे?

गयाबाईंचे नाव मी उगाच घेतले नाही. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले, आणि त्याचे रुग्णालय 'घाटी' या एकाच शब्दाने सगळ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची माणसे तर येथे येतातच, पण बुलढाण्याकडून आणि खानदेशातूनही येतात. रात्रीच्या एस.टी.ने उतरून, कपड्यांचे बोचके उशाला घेऊन पहाटेपासून रांगेत बसलेली ही माणसे. त्यांत एका वॉर्डात दोन गयाबाई, तीन जाधव आणि चार शेख असणे मुळीच नवलाचे नाही. आता समजा, हातात नळ्या घेतलेला कोणी घाईघाईने खाटेपाशी आला आणि त्याने विचारले, "गयाबाई जाधव तुम्हीच ना?" आजींना कमी ऐकू येते. शिवाय पांढऱ्या कोटातल्या माणसाला नाही म्हणायचे नसते, ही त्यांची जन्माची रीत. त्या म्हणतात, "व्हय." झाले! सुई गेली, रक्त निघाले, आणि एका बाईचे रक्त दुसरीच्या नावाने निघून गेले.

म्हणून रक्त काढण्याच्या शास्त्रात पहिला धडा सुईचा नाही, प्रश्नाचा आहे. "तुम्ही अमुक ना?" असे कधी विचारू नये. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा बरं," किंवा "अम्मी, आपका नाम बोलो," असे विचारावे आणि उत्तर आले की ते केसपेपराशी ताडून पाहावे. नुसते नाव पुरत नाही. वय, जन्मतारीख किंवा नोंदणी क्रमांक, अशी दुसरी एक खूण जुळली पाहिजे. आपल्याकडे तर आणखी एक घोटाळा आहे. लग्न झालेल्या मुलीचे केसपेपरावर सासरचे नाव आणि आधारकार्डावर माहेरचे! अशा वेळी तो क्रमांकच खरा आधार. आणि नळीवर नाव लिहायचे ते रक्त काढून झाल्यावर, रुग्णाच्या समोर. सकाळीच नावे चिकटवून ठेवलेल्या नळ्यांचा जुडगा घेऊन फिरणारा माणूस दिसला, तर सावध व्हावे.

एवढे अवडंबर कशासाठी, असे कोणी म्हणेल. साखरेचा अहवाल चुकला तर फार तर दुसऱ्यांदा तपासता येईल. पण रक्तगटाचे तसे नाही. कार्ल लँडस्टायनर याने १९०१ साली माणसांच्या रक्ताचे गट असतात हे दाखवून दिले आणि पुढे १९३० साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून हे ठाऊक आहे, की न जुळणाऱ्या गटाचे रक्त शरीरात गेले तर तांबड्या पेशी फुटू लागतात, मूत्रपिंडे बंद पडू शकतात आणि माणूस हातचा जातो. बाळंतपणात रक्तस्राव होऊन अत्यवस्थ झालेल्या बाईला रक्तपेढीतली बाटली अचूक तपासून आली, पण मुळात तपासायला गेलेली नळीच शेजारणीची असली, तर सारी तपासणी वाया गेली. म्हणून पुष्कळ ठिकाणी गट पक्का करण्यासाठी दुसऱ्यांदा स्वतंत्र रक्त घेतात. "एकदा काढलं होतं की!" म्हणून त्या परिचारिकेवर डोळे वटारू नयेत.

आता रुग्णाच्या बाजूची एक गोष्ट. "सकाळी उपाशीपोटी या," असे सांगितले, की आपल्याकडची मंडळी निर्जळी एकादशी करून येतात! साखरेसाठी आठ तास आणि चरबीच्या तपासणीसाठी नऊ ते बारा तास काही खायचे नाही, हे खरे. परंतु साधे पाणी पिण्याला बहुधा मनाई नसते. उलट घोटभर पाणीही न प्यालेल्या माणसाच्या शिरा सुकलेल्या ओढ्यासारख्या आत बसतात आणि मग चार ठिकाणी टोचून घ्यावे लागते. याउलट दुसरा प्रकार: "उपासच आहे माझा, फक्त साबुदाण्याची खिचडी खाल्ली!" देवाला तो उपास चालत असेल, प्रयोगशाळेला चालत नाही. बिनसाखरेचा चहासुद्धा नाही. नेहमीची औषधे घ्यावीत की नाहीत, हे मात्र डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

शिरेची गोष्ट मोठी गमतीची आहे. शीर वेधण्याची विद्या या देशाला नवी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एक सबंध अध्याय सिरावेधावर आहे. तो रक्त तपासण्यासाठी नव्हे, दूषित रक्त काढून टाकण्यासाठी. पण बांधायचे कोठे, कोणती शीर टाळायची, याचा बारीक विचार तेथे केलेला आहे. कोणाची शीर वेधू नये त्या यादीत बालक आणि वृद्ध यांच्याबरोबर भ्यालेला आणि थकलेला माणूसही आहे. भ्यालेल्या माणसाच्या शिरा आकसतात, हे आजही कोणतीही अनुभवी सिस्टर सांगेल. म्हणून ती आधी गाव विचारते, मुलेबाळे विचारते, आणि बोलता बोलता दंडाला रबरी पट्टा बांधते.

हा पट्टा कोपराच्या चार-पाच बोटे वर बांधायचा. बांधल्यावर शीर डोळ्यांनी शोधायची नसते, बोटाच्या टोकाने चाचपायची असते. घाटीपासून जवळच पाणचक्की आहे. तिचे पाणी डोंगराकडून जमिनीखालच्या मातीच्या नळांतून आणलेले. वरून चालणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो, पण जाणत्याला नळ कोठून जातो हे ठाऊक असते. तसेच हे आहे. त्वचेवर निळी रेघ दिसते तीच उत्तम शीर, असे नाही. कोपराच्या आतल्या लवणीत मध्यभागी जी दाबल्यावर रबरासारखी उसळते, ती खरी. तिच्या आतल्या अंगाला, म्हणजे बरगड्यांकडच्या बाजूला, धमनी आणि मोठी मज्जातंतूची दोरी जवळ असते. तिकडे सुई नेण्याआधी दहादा विचार करावा. बोटाखाली ठोके लागले तर ती शीर नव्हे, धमनी. आणि सुई टोचताच बोटांपर्यंत वीज चमकल्यासारखी कळ गेली, तर रुग्णाने लाजू नये; "थांबा!" असे स्पष्ट सांगावे. सुई तत्काळ बाहेर यायला हवी.

शीर वर यावी म्हणून हातावर सपासप थापट्या मारण्याची पद्धत आपल्याकडे फार रुळलेली आहे. ती सोडून दिलेली बरी. त्यापेक्षा हात थोडा खाली लोंबू द्यावा, नाही तर कोमट पाण्यात पिळलेला पंचा दोन-चार मिनिटे ठेवावा. "मूठ उघडा, मिटा, उघडा, मिटा," हाही असाच एक गैरसमज. मूठ एकदा हलकेच मिटली म्हणजे पुरे. जोराने चाळा केल्याने रक्तातले पोटॅशियम उगाच वाढलेले दिसते, आणि वाढलेले पोटॅशियम म्हटले की हृदयाची चिंता सुरू होते. पट्टाही एक मिनिटाहून अधिक वेळ आवळून ठेवू नये. रक्त तेथे तुंबते, त्यातले पाणी झिरपून बाहेर जाते आणि प्रथिने, कॅल्शियम, पेशी सारेच जास्त भरते. शीर शोधायला वेळ लागला तर पट्टा सोडावा, दोन मिनिटे थांबावे, पुन्हा बांधावा.

मग स्पिरिटचा बोळा. येथे जो उतावळेपणा चालतो तो पाहून हसू येते. बोळा फिरवला, लगेच फुंकर मारली आणि सुई खुपसली! फुंकरेबरोबर तोंडातले जंतू पुन्हा जागेवर जाऊन बसले त्याचे काय? सत्तर टक्क्यांच्या अल्कोहोलने ती जागा अर्धा मिनिट चांगली पुसावी आणि पुढचा अर्धा मिनिट ती आपोआप वाळू द्यावी. जंतू मरतात ते या वाळण्याच्या वेळात. ओल्यावर सुई घातली तर झोंबतेही आणि रक्तपेशीही फुटू शकतात. एकदा पुसलेल्या जागेला पुन्हा बोट लावायचे नाही. 'एकदा बघू' म्हणून चाचपले, तर पुन्हा पुसणे आले.

सुयांचे आकडे उलटे असतात, हेही सांगून टाकतो. आकडा मोठा तितकी सुई बारीक. रक्त तपासणीसाठी मोठ्या माणसाला साधारण २१ किंवा २२ क्रमांकाची सुई लागते, लहानग्यांना २३. रक्तदानाची १६ क्रमांकाची, म्हणजे चांगलीच जाड. सुईचे तिरके तोंड वर ठेवून, हाताशी तीस अंशांहून कमी कोन करून ती घालायची. आणि दोन प्रयत्नांत साधले नाही, तर तिसरा प्रयत्न दुसऱ्याने करावा. यात कमीपणा कसला? चांगला गवईसुद्धा एखाद्या दिवशी लागत नाही.

ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हातातून रक्त घेऊ नये, कारण निघते ते निम्मे सलाइनच. ग्लुकोजची बाटली चालू असली, तर बिचाऱ्या निरोग्याला मधुमेही ठरवून मोकळे! डायलिसिससाठी ज्या हातावर शस्त्रक्रिया करून शीर तयार केली आहे, त्या हाताला तर पट्टाही बांधू द्यायचा नाही. स्तनाची शस्त्रक्रिया झालेल्या बाईंनी आपण होऊन त्या बाजूचा हात मागे ठेवावा आणि दुसरा पुढे करावा.

आता त्या रंगीत टोपणांच्या नळ्या. आतली हवा काढून घेतलेली, रक्त आपोआप ओढून घेणारी नळी १९४०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ क्लायनर याने काढली. आपल्याकडे ती रुळायला पुष्कळ वर्षे लागली. टोपणांचे रंग शोभेचे नव्हेत. प्रत्येकीत वेगळे औषध असते आणि त्या भरण्याचा क्रमही ठरलेला आहे. जंतू वाढवून पाहण्याच्या बाटल्या पहिल्या, मग निळी, त्यानंतर लाल किंवा पिवळी, मग हिरवी, तिच्यामागून जांभळी आणि शेवटी करडी. जांभळीत रक्त गोठू न देणारे ई.डी.टी.ए. असते, आणि ते बहुधा पोटॅशियमचे क्षार असते. ही जांभळी आधी भरली आणि तिचा अंश पिवळीत गेला, तर पोटॅशियम भलतेच चढते आणि कॅल्शियम तळाला जाते. याहून वाईट प्रकार म्हणजे पिवळीत रक्त कमी पडले म्हणून जांभळीतले थोडे तीत ओतणे. गृहिणी आमटीचे असे करते, रक्ताचे करता येत नाही.

निळी नळी खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. तीत औषधाच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग हे प्रमाण बांधलेले असते. करडी साखरेची. साध्या नळीत रक्त तसेच पडून राहिले, तर त्यातल्या पेशी साखर खात बसतात आणि तासाला पाच ते सात टक्के साखर कमी होते. करडीतले फ्लोराइड त्यांना आवरते. घरी येऊन रक्त नेणारा मुलगा सिडकोत एक, गारखेड्यात दोन, उस्मानपुऱ्यात तीन घरे करून दुपारी प्रयोगशाळेत पोहोचत असेल, तर ते रक्त वाटेत कसे ठेवले होते हे विचारणे अगदी रास्त आहे.

आणि प्लेटलेट? त्या जांभळ्या नळीत मोजतात. नळी भरल्याबरोबर ती आठ-दहा वेळा अलगद उलटसुलट करावी लागते, ताक घुसळल्यासारखी हलवून नव्हे. तसे केले नाही, तर रक्तात बारीक गुठळ्या होतात आणि प्लेटलेट त्यांत अडकून बसतात. यंत्र बिचारे मोकळ्या असतील तेवढ्याच मोजते. काहींच्या रक्तात तर त्या औषधानेच प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. म्हणून अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही, माणूस बरा दिसतो आणि आकडा मात्र एकाएकी कोसळलेला, असे झाले तर घाबरण्यापूर्वी डॉक्टरांना एवढेच विचारावे, की काचपट्टीवर पाहून खात्री करता येईल का? ताप उतरल्यानंतरचे एक-दोन दिवस डेंग्यूत जोखमीचे असतात, तेव्हा हा प्रश्न विचारून स्वस्थ बसायचे नाही. तपासणी लगेच पुन्हा करून घ्यायची.

सुई काढण्यापूर्वी पट्टा सुटला पाहिजे. मग बोळा दाबून हात सरळ ठेवायचा. आपण सगळे काय करतो? कोपर घट्ट दुमडतो. लहानपणापासून तसेच शिकलो आहोत. पण दुमडल्याने दाब नीट बसत नाही, आतल्या आत रक्त पाझरते आणि दुसऱ्या दिवशी कोपर काळेनिळे. दोन-तीन मिनिटे, आणि रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्या आजोबांनी पाच मिनिटे, सरळ हातावर बोळा दाबून धरावा. चोळू नये. उठण्याची घाई करू नये. रक्त पाहून घेरी येणारे धट्टेकट्टे पुरुषच अधिक, असे माझे आपले निरीक्षण आहे! घेरी येईलसे वाटले तर आधीच सांगून आडवे व्हावे; त्यात लाज नाही.

लहान मुलांना "मुळीच दुखणार नाही" असे सांगू नये. दुखते, आणि मग पुढच्या वेळी ते आईवरही विश्वास ठेवीत नाही. "मुंगी चावल्यासारखं होईल, मग संपलं," हे खरे आहे तेवढे सांगावे. मांडीवर घ्यावे, हात घट्ट पण प्रेमाने धरावा. तान्ह्या बाळाचे थोडेसे रक्त टाचेच्या कडेला टोचून घेतात, टाचेच्या मधोमध नाही. त्या वेळी बाळ अंगावर पीत असले तर त्याला दुखणे कमी जाणवते.

येथवर रुग्णाचे झाले. सुईच्या दुसऱ्या टोकालाही एक माणूस असतो, आणि आज पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतली मुलगी किंवा सून हेच काम करते. काचेची पिचकारी निकेलच्या डब्यात उकळून पुन्हा पुन्हा वापरण्याचा काळ ज्यांनी पाहिला, त्यांना एकदाच वापरून टाकायची सुई चैन वाटली होती. ती चैन नव्हती. गुजरातेत मोडासा येथे २००९ साली वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे काविळीच्या 'बी' विषाणूची साथ पसरली आणि अनेक माणसे दगावली. तेव्हा पाकीट आपल्यासमोर फोडले जाते की नाही, हे पाहणे हा आपला हक्क आहे. चांगला टेक्निशियन त्याबद्दल रागावत नाही. तो स्वतःच पाकीट दाखवून फोडतो आणि हातमोजेही नवे घालतो.

त्याला स्वतःला ती सुई लागली तर? दूषित रक्ताच्या एका टोचणीतून लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस 'बी' होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत असू शकते, 'सी'ची शंभरात तीनच्या आसपास आणि एच.आय.व्ही.ची हजारात तीन. यांतल्या पहिल्याला लस आहे. मुलगी नर्सिंगला गेली असेल तर तिचे तीन डोस पुरे झाले का, हे आईने विचारावे, डबा भरला का हे विचारते तसेच. सुया लागतात त्या बऱ्याचदा टोपण परत बसवताना. म्हणून टोपण बसवायचेच नाही; सुई सरळ पांढऱ्या, न फुटणाऱ्या डब्यात. लागलीच तर बोट तोंडात घालायचे नाही, पिळायचे नाही. साबण-पाण्याने धुवायचे आणि तत्काळ वरिष्ठांना सांगायचे. एच.आय.व्ही.च्या प्रतिबंधाची औषधे जितक्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. शरमेने गप्प बसलेल्या मुलीचे हे तास निघून जातात.

रुग्णालयाच्या कचऱ्याला २०१६ पासूनच्या नियमांनी रंग ठरवून दिले आहेत: सुयांना पांढरा डबा, प्लॅस्टिकच्या नळ्यांना लाल पिशवी, रक्ताळलेल्या कापसाला पिवळी. घरी रक्त नेणाऱ्या माणसाने आपली सुई आपल्याच डब्यातून परत नेली पाहिजे. ती आपल्या केराच्या टोपलीत टाकू देऊ नये. पण घरातल्या इन्शुलिनच्या सुयांचे काय? रोज दोन, तीन सुया वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून ओल्या कचऱ्यात जातात. २०१८ साली नारेगावच्या कचराडेपोवरून या शहरात जी कोंडी झाली ती ज्यांना आठवते, त्यांना हेही आठवत असेल की आपण टाकलेला कचरा शेवटी कोणाच्या तरी हातांनीच निवडला जातो. निवडणाऱ्या बाईच्या हातात मोजे असतीलच असे नाही. शाम्पूची किंवा फिनाईलची जाड प्लॅस्टिकची रिकामी बाटली घ्यावी, वापरलेल्या सुया तीत टाकीत जाव्यात, तीन चतुर्थांश भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर ठळक अक्षरांत 'सुया' असे लिहावे. घंटागाडीवाल्याला ती वेगळी, हातात द्यावी आणि आत काय आहे ते तोंडाने सांगावे. ज्या डॉक्टरांकडे औषध चालू आहे ते आपल्या दवाखान्यातल्या पांढऱ्या डब्यासाठी ही बाटली घेतात का, तेही पुढच्या खेपेला विचारून पाहावे.